नोंदीचे स्थलांतर आणि सत्याची जबाबदारी

दुकानातील किंवा कोठारातील मालाच्या आवक-जावकीच्या नोंदी स्प्रेडशीटमधून, म्हणजे संगणकावरील ओळी-रकान्यांच्या तक्त्यातून, मोबाइलवरील साठ्याच्या ॲपमध्ये एकगठ्ठा आणण्याला व्यवहारात ‘इम्पोर्ट करणे’ असे म्हटले जाते. ही क्रिया सामान्यतः निव्वळ तांत्रिक मानली जाते आणि तिची चर्चाही फाइलचा प्रकार, रकान्यांची जुळणी आणि नाकारल्या गेलेल्या ओळींची यादी एवढ्यावरच थांबते. परंतु तिच्या मुळाशी ज्ञानमीमांसेचा, म्हणजे ज्ञान खरे कधी ठरते याचा विचार करणाऱ्या शास्त्राचा, एक जुना प्रश्न आहे आणि त्याला लागूनच नीतीचा दुसरा प्रश्न उभा आहे. एकाने केलेली नोंद दुसऱ्या जागी नेली असता तिच्यासोबत तिचे खरेपणही जाते काय, हा पहिला प्रश्न. आणि नेताना ती खोटी झाली, तर नेणाऱ्याच्या मनात कपट नसतानाही ते असत्य त्याचे ठरते काय, हा दुसरा. येथे मांडायची भूमिका अशी आहे की खरेपण आपोआप जात नाही, जबाबदारी मात्र पुरतीच्या पुरती जाते, आणि भारतीय दर्शनांनी शब्द, अभाव व प्रमाद यांविषयी केलेला विचार हे दाखवून देण्यास पुरेसा आहे.

प्रश्न मूर्त व्हावा म्हणून एखाद्या लहान औषधदुकानाचा व्यवहार विचारात घेता येईल. तेथे कित्येक वर्षे एक्सेलच्या तक्त्यात मालाचा हिशेब ठेवलेला असतो. प्रत्येक ओळ म्हणजे एक व्यवहार असतो आणि तिच्या रकान्यांत तारीख, औषधाचा संकेतांक, बॅच नंबर, मुदत संपण्याची तारीख, नग, दर आणि ते नग आत आले की बाहेर गेले हे लिहिलेले असते. शिल्लक मात्र यांपैकी कोणत्याही ओळीत नसते. ती आरंभीच्या साठ्यात सर्व आवक मिळवून व सर्व जावक वजा करून काढावी लागते, म्हणजे ती अनुमानाने हाती येते. ॲपमध्ये माहिती आणण्याचे दोन मार्ग असतात: केवळ आजची शिल्लक ‘ओपनिंग स्टॉक’ म्हणून आणणे हा एक, आणि मागील सर्व व्यवहार तारखांसह आणून शिल्लक ॲपला काढू देणे हा दुसरा. पहिल्या मार्गाने निष्कर्ष येतो आणि त्याची कारणे मागे राहतात. दुसऱ्या मार्गाने कारणे येतात आणि निष्कर्ष नव्याने निघतो. जो दुसरा मार्ग निवडतो तो भूतकाळाची साक्ष मागवत असतो, आणि साक्ष मागवली की साक्षीदाराची पारख करण्याचे कामही त्याच्याकडे येते.

मराठी व्यापारी परंपरेला नोंदीचे स्थलांतर नवे नाही. दिवसाचे व्यवहार घडले त्या क्रमाने कीर्दीत लिहायचे, त्यांतील प्रत्येक नोंद खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायची आणि शेवटी तेरीज मांडून ताळा पाहायचा, या पद्धतीत नोंदी एका वहीतून दुसरीत सतत जातच असत. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला नव्या वहीची पूजा होते, पाडव्यापासून तिच्यात लेखन सुरू होते आणि जुन्या वहीतील बाकी तिच्यात ओढली जाते. पहिल्या पानावर देवाचे नाव लिहून मगच आकडा लिहिण्याचा प्रघात अनेक घराण्यांत आजही आहे. युरोपातही देव आणि वही यांचा हा संबंध अपरिचित नव्हता. 1494 साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली या फ्रान्सिस्कन साधूने द्विनोंदी हिशेबपद्धतीचे, म्हणजे प्रत्येक व्यवहार जमा व नावे अशा दोन बाजूंनी लिहिण्याच्या पद्धतीचे, पहिले छापील विवेचन केले. त्यानेही वह्यांचा आरंभ ईश्वराच्या नावाने करावा असे सांगितले, आणि शिवाय रोजवहीतील नोंदी एकाने वाचाव्यात व दुसऱ्याने त्या खातेवहीत शोधून एकेकीवर खूण करावी अशी तपासणीची रीतही घालून दिली. या दोन्ही परंपरांत एक गोष्ट समान होती: नोंद एका वहीतून दुसरीत जाताना माणसाच्या डोळ्यांखालून जात असे, आणि कोठे ‘पन्नास’च्या जागी ‘पाचशे’ पडले असेल तर त्या मालाची ओळख असलेल्या कारकुनाचा हात तेथे थबकण्याची शक्यता असे. हजारो ओळी काही क्षणांत ओढून घेणाऱ्या क्रियेत हे थबकणे उरलेले नाही. वेग वाढला हे चांगलेच झाले. मात्र वाचणारा माणूस मधून गेला, आणि प्रश्न नेमका तेथून सुरू होतो.

न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे, म्हणजे यथार्थ ज्ञानाची साधने, मानली आहेत. शब्द म्हणजे कोणाचेही बोलणे नव्हे, तर आप्ताचे, म्हणजे विश्वासपात्र व्यक्तीचे, सांगणे. आप्त कोणाला म्हणावे हे सांगताना वात्स्यायनाने न्यायभाष्यात वस्तू स्वतः जाणणे आणि जशी जाणली तशी ती दुसऱ्याला सांगण्याची इच्छा असणे या गोष्टींवर भर दिला, आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते असेही स्पष्ट केले. अधिकार जन्मातून येत नाही, वस्तूशी झालेल्या गाठीतून आणि प्रामाणिक हेतूतून येतो, हा या भूमिकेचा गाभा आहे. तो लावून पाहिला तर इम्पोर्टची फाइल आप्त ठरू शकत नाही, कारण तिने माल पाहिलेला नाही आणि तिला इच्छाही नाही. आप्त असलाच तर तो ज्या दिवशी खोका उघडून पट्ट्या मोजल्या गेल्या त्या दिवशी मोजणारा माणूस होता. फाइल हे त्याच्या सांगण्याचे वहन करणारे साधन आहे. तेव्हा ज्या फाइलीत नोंद कोणी केली, कोणत्या बिलावरून केली आणि केव्हा केली हे सांगणारा रकानाच नसतो, त्या फाइलीतील आकडा शब्दप्रमाणाच्या कक्षेत येत नाही. त्याला वदंता म्हणावे लागते, आणि वदंता खरी असू शकली तरी तिच्या खरेपणाची हमी देणारा कोणी नसतो.

न्यायमताने स्मृतीलाही प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, मानलेले नाही, कारण स्मृती पूर्वीच्या अनुभवावर विसंबून असते आणि त्या अनुभवात जे नव्हते ते ती देऊ शकत नाही. तक्ता ही दुकानाची स्मृती आहे. तिची प्रत ॲपमध्ये गेली तर ती स्मृतीची स्मृती होते आणि मूळ अनुभवापासून एक पायरी आणखी दूर जाते. येथे असा आक्षेप घेता येईल की यंत्राने केलेली प्रत अक्षर न् अक्षर तीच असते, मग दुरावा कोठून आला? परंतु प्रत तीच असते हे गृहीतकच बहुधा चुकीचे असते. बारकोडखाली छापलेला तेरा अंकी क्रमांक एक्सेलच्या अरुंद घरात घातांकाच्या रूपात दिसतो, आणि त्याच रूपात तो सीएसव्ही फाइलीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत, उतरला तर शेवटचे अंक कायमचे गळून पडतात. संकेतांकाच्या आरंभीची शून्ये ‘निरर्थक’ समजून काढली जातात. महिन्याच्या इंग्रजी लघुरूपासारखी अक्षरे व त्यांपुढे अंक असलेला बॅच नंबर तारीख समजला जातो. याच खोडीमुळे मानवी जनुकांच्या नावांचे नियमन करणाऱ्या समितीने 2020 साली काही जनुकांची नावेच बदलली असल्याचे जाहीर केले. साधनाने वस्तूशी जुळवून घ्यायचे, की वस्तूच्या नावाने साधनाशी, या प्रश्नाचे उत्तर तेथे साधनाच्या बाजूने लागले, आणि ज्ञानाच्या दृष्टीने ही पराभवाची नोंद आहे.

येथे मीमांसक आणि नैयायिक यांच्यातील एक प्रसिद्ध वाद उपयोगी पडतो. मीमांसकांचे, विशेषतः कुमारिलभट्टाच्या परंपरेचे, म्हणणे असे की ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याच्या साधनात दोष आढळला किंवा त्याला बाधणारे दुसरे ज्ञान झाले तरच ते अप्रमाण ठरते. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांनी परतःप्रामाण्य मानले: ज्ञानाचे खरेपण त्या ज्ञानातून कळत नाही, तर त्याला अनुसरून केलेली कृती सफल झाली, पाणी समजून गेलेल्याची तहान भागली, म्हणजे मग कळते. साठ्याची बहुतेक ॲपे मीमांसकांच्या मार्गाने चालतात. नगाच्या रकान्यात संख्या आहे, तारखेच्या रकान्यात तारीख आहे आणि संकेतांक मालाच्या यादीत आहे, एवढे जमले की ओळ स्वीकारली जाते, आणि बाधक समोर येईपर्यंत ती खरी धरली जाते. काम चालण्यासाठी हे धोरण आवश्यकही आहे, कारण प्रत्येक ओळीला पुरावा मागणारे दुकान संध्याकाळपर्यंत एकही गिऱ्हाईक करू शकणार नाही. मात्र या तपासणीत कशाची परीक्षा होते हे ओळखून असावे. बारकोडच्या तेरा अंकांतील शेवटचा अंक आधीच्या बारा अंकांना आळीपाळीने एक व तीन यांनी गुणून, बेरीज करून, ती दहाच्या पटीत जावी अशा रीतीने ठरवलेला असतो. त्यामुळे एखादा अंक चुकला तर तो क्रमांक स्वतःच आपली चूक उघड करतो. स्वतःप्रामाण्याच्या कल्पनेच्या एवढे जवळ जाणारी रचना व्यवहारात क्वचितच सापडेल. तरीही त्या अंकाने सिद्ध होते ते एवढेच की क्रमांक नीट लिहिलेला आहे. त्या क्रमांकाचे औषध कपाटात आहे की नाही, याविषयी तो मुका असतो. तेथे कपाट उघडावेच लागते, आणि तेथे नैयायिकांचेच म्हणणे खरे ठरते.

कपाट उघडल्यावर एखादे औषध नाही असे आढळले, तर त्या ‘नसण्या’चे ज्ञान कोणत्या प्रमाणाने झाले, हा प्रश्न भारतीय दर्शनांइतका खोलवर इतरत्र क्वचितच तपासला गेला असेल, आणि साठ्याच्या हिशेबाला तो सर्वांत जवळचा आहे. भाट्ट, म्हणजे कुमारिलाच्या परंपरेतील, मीमांसकांनी व अद्वैत वेदान्त्यांनी अभाव जाणण्यासाठी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले. मीमांसेच्याच दुसऱ्या शाखेने, प्राभाकरांनी, ते नाकारले. नैयायिकांनी अभाव हा पदार्थ मानला, पण त्याचे ज्ञान प्रत्यक्षानेच होते असे म्हटले. वादाचा निकाल काहीही लागो, एका अटीवर अनुपलब्धी मानणाऱ्यांचा कटाक्ष होता. वस्तू दिसली नाही एवढ्याने ती नाही असे ठरत नाही. ती असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असताना ती दिसली नाही, तरच अभावाचे ज्ञान होते. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही म्हणून घट नाही असे म्हणता येत नाही. या अटीला योग्यता म्हणतात, आणि तक्त्यातील रिकामे घर व शून्य लिहिलेले घर यांतील फरक हा नेमका योग्यतेचा फरक आहे. शून्य म्हणजे कोणीतरी दिव्याच्या उजेडात कप्पा पाहिला आणि तेथे काही नव्हते. रिकामे घर म्हणजे कोणी पाहिले की नाही हेच ठाऊक नाही. इम्पोर्ट करताना रिकाम्या घरांना मुकाट्याने शून्य मानण्याची सोय असते तेव्हा अंधाऱ्या खोलीच्या दारातून परत फिरलेला माणूस आत घट नसल्याची साक्ष देऊ लागतो, आणि साठा संपला असे समजून नवा माल मागवला जातो किंवा दारी आलेल्या रुग्णाला परत पाठवले जाते.

नैयायिकांनी अभावाचे प्रकारही पाडले. वस्तू निर्माण होण्यापूर्वीचा तो प्रागभाव, नष्ट झाल्यानंतरचा तो प्रध्वंसाभाव, कधीच नसण्याचा तो अत्यंताभाव, आणि एक वस्तू दुसरी नसण्याचा तो अन्योन्याभाव. हा भेद मुळात वस्तूच्या उत्पत्ति-नाशाविषयीचा आहे, परंतु दुकानाच्या साठ्याकडे पाहता त्याची उपयुक्तता लक्षात येते. मागवलेले पण अजून न आलेले औषध, विकून संपलेले औषध आणि दुकानाने कधीच न ठेवलेले औषध, या तिन्हींची आजची शिल्लक शून्यच असते. शिल्लकेच्या आकड्यात ही तीन शून्ये एकमेकांपासून वेगळी करता येत नाहीत, व्यवहारांच्या नोंदींत मात्र ती वेगळी राहतात. केवळ ओपनिंग स्टॉक आणण्याऐवजी सारे व्यवहार आणण्याचा खटाटोप करावा तो यासाठी. चौथा अभाव तर बॅचच्या रकान्यात रोज भेटतो: एकाच औषधाच्या दोन बॅच, नाव एक, रंग एक, पण ही ती नव्हे, आणि संकेतांकाने एकत्र करताना हा अन्योन्याभाव पुसला गेला तर मुदत संपलेली बॅच मुदतीतल्या बॅचच्या आकड्यात लपून बसते.

न आलेल्या ओळींचा अभाव तर याहूनही धोकादायक असतो, कारण त्याची जाणीवच होत नाही. इंग्लंडमध्ये 2020 च्या सप्टेंबरच्या अखेरीस व ऑक्टोबरच्या आरंभी कोरोनाच्या 15,841 बाधितांच्या नोंदी दैनंदिन आकड्यांतून गळाल्या, कारण जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाइलीत एका पानावर 65,536 ओळींपेक्षा अधिक मावत नाहीत आणि त्यापलीकडच्या ओळी पुढे गेल्याच नाहीत. त्या माणसांच्या संपर्कात आलेल्यांचा शोध लागण्यास उशीर झाला. फाइलीत दोष दिसत नव्हता, तिच्यातील प्रत्येक ओळ खरी होती. जे खोटे होते ते ‘एवढ्याच आहेत’ हे न लिहिलेले विधान होते. यावरून हे उघड होते की नोंदींचा समूह जेव्हा नेला जातो तेव्हा प्रत्येक नोंदीखेरीज आणखी एक विधान त्यासोबत जाते, ते संपूर्णतेचे, आणि त्याची तपासणी ओळी तपासून होत नाही. मूळ फाइलीतील ओळींची संख्या आणि नगांची बेरीज ॲपमधील संख्या-बेरजेशी भिडवूनच होते. जुनी तेरीज हेच करीत असे.

तारखांचा विषय कालाच्या तत्त्वज्ञानाला स्पर्श करतो, पण येथे त्यातील व्यावहारिक बाजूवरच थांबणे योग्य होईल. एक्सेल तारीख साठवते ती दिवसांच्या क्रमांकाने, 1 जानेवारी 1900 हा पहिला दिवस धरून. मॅकिन्टॉश संगणकांवरील जुन्या फाइलींत गणना 1904 पासून होत असे, त्यामुळे एका पद्धतीचा क्रमांक दुसऱ्या पद्धतीने वाचला तर 1,462 दिवसांचा, म्हणजे चार वर्षे व एक दिवसाचा, फरक पडतो. याहून विचारप्रवर्तक बाब अशी की एक्सेलच्या गणनेत 29 फेब्रुवारी 1900 हा दिवस आहे, जो कधी उगवलाच नाही, कारण ग्रेगरियन पंचांगात 1900 हे लीप वर्ष नव्हते. आधीच्या लोटस 1-2-3 या प्रणालीत हा दिवस होता आणि तिच्या फाइलींशी मेळ राहावा म्हणून तो जाणूनबुजून ठेवला गेला. दर्शनकारांनी सशाच्या शिंगाचे किंवा वांझेच्या पुत्राचे उदाहरण ज्या अर्थाने दिले, त्या अर्थाने हा अत्यंत असत् दिवस आहे, आणि तरीही परंपरेशी इमान राखण्यासाठी तो पिढ्यान्‌पिढ्या पुढे दिला जात आहे. परंपरेशी प्रामाणिक राहणे आणि वस्तुस्थितीशी प्रामाणिक राहणे या दोन निष्ठा वेगळ्या असू शकतात, याचा इतका निर्विवाद दाखला दुर्मीळ आहे.

दुकानदाराला रोज गाठणारी चूक मात्र दिवस-महिन्याच्या क्रमाची असते. भारतात 03/04 म्हणजे 3 एप्रिल; अमेरिकी रीतीने ती 4 मार्च होते. महिन्याच्या तेराव्या दिवसापासूनच्या तारखा अशा अदलाबदलीत अशक्य ठरतात, म्हणून ॲप त्या नाकारते आणि माणूस त्या दुरुस्त करतो. पण पहिल्या बारा दिवसांच्या तारखा, वर्षाकाठी 144, बिनतक्रार स्वीकारल्या जातात आणि त्यांतील दिवस व महिना सारखेच असलेल्या बारा सोडता उरलेल्या 132 चुकीच्या महिन्यात जाऊन बसतात. दिसलेल्या चुका सुधारल्याचे समाधान न दिसलेल्या चुकांवर पांघरूण घालते. तारीख बदलली की क्रम बदलतो. आधी आलेला माल आधी गेला असे धरून किंमत काढण्याच्या पद्धतीत क्रमाबरोबर मालाची किंमत बदलते, आणि जावक आवकीच्या आधी पडली तर शिल्लक ऋण होते, म्हणजे दुकानाने जे नव्हते ते विकले असे नोंद सांगू लागते. कौटिल्याने अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात अपहाराचे जे चाळीस मार्ग सांगितले त्यांत आधीचे मागाहून व मागाहूनचे आधी दाखवणे हे अगदी आरंभी येते. त्याच अधिकरणात हिशेबाची बाब क्रम सोडून, उलट्या क्रमाने, न कळेल अशी किंवा पुन्हा लिहिणाऱ्याला बारा पणांचा दंड सांगितलेला आहे. एकच फाइल दोनदा इम्पोर्ट झाल्याने प्रत्येक व्यवहार दुहेरी होणे ही आज सर्वांना परिचित असलेली आपत्ती या पुनरुक्त लेखनातच मोडते, आणि प्रत्येक व्यवहाराला स्वतःचा अनन्य क्रमांक देऊन, तोच क्रमांक पुन्हा आला तर ॲपने तो नाकारावा अशी रचना करणे हा त्यावरचा उपाय आहे.

कौटिल्याचा दंड एका प्रश्नाकडे नेतो, ज्याचे उत्तर दिल्यावाचून हा विचार अपुरा राहील. दंड अपहाराबद्दलही आहे आणि गलथानपणाबद्दलही; मग गलथानपणा हा केवळ कामातील उणेपणा आहे की तो सत्याचा भंग आहे? सर्वसाधारण नीतिविचार हेतूवर बोट ठेवतो: फसवण्याचा हेतू नव्हता, तर खोटे बोलणे घडलेच नाही, घडली ती चूक. जैन विचाराने येथे वेगळी आणि, प्रस्तुत विषयापुरते पाहता, अधिक खोल वाट धरली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमत्तयोग, म्हणजे प्रमादाने युक्त झालेली मन-वाणी-शरीराची प्रवृत्ती, ही अट घातली आहे आणि असत्याच्या व्याख्येतही ती गृहीत आहे. प्रमाद म्हणजे जेथे जागरूक असावयास हवे तेथे जागरूक नसणे. याचे फलित टीकाकारांनी धीटपणे स्वीकारले: जपून पाऊल टाकणाऱ्या मुनीच्या पायाखाली जीव मेला तरी हिंसेचा बंध होत नाही, आणि बेफिकिरीने चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच मेले नाही तरी दोष लागतो. हाच निकष नोंदीला लावला तर असे ठरते की ज्याने ओळी मोजल्या, बेरजा भिडवल्या, काही नोंदी बिलाशी ताडून पाहिल्या आणि तरीही चूक राहिली, तो असत्याचा कर्ता नव्हे. आणि ज्याने फाइल निवडून बटण दाबले व पुढे पाहिलेच नाही, त्याच्या सर्व नोंदी दैवयोगाने बरोबर निघाल्या तरी सत्यव्रताचे पालन त्याच्या हातून घडलेले नाही. याच ग्रंथात गृहस्थाच्या सत्याणुव्रताचे अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे उणेपण, सांगताना कूटलेखक्रिया म्हणजे खोटे लेख करणे, आणि अचौर्याणुव्रताचे अतिचार सांगताना कमी-जास्त मापे वापरणे यांचा उल्लेख आहे. व्यापार करणाऱ्या गृहस्थाचे धर्मजीवन वजनकाट्यापाशी आणि वहीपाशी तपासले जाते, मंदिरात नव्हे, ही यामागील जाण आहे.

यावर विरक्तीच्या बाजूने एक आक्षेप येऊ शकतो की मालाचे हिशेब ही प्रपंचाची बाब आहे आणि तिला इतके आध्यात्मिक वजन देण्याचे कारण नाही. परंपरा सांगते की तुकारामांनी सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली. मग वह्यांचे एवढे कौतुक कशाला? परंतु तीच परंपरा हेही सांगते की त्यांनी अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबाला, दिली आणि बुडवली ती स्वतःच्या वाट्याची. आपल्या येण्यावर पाणी सोडण्याचा अधिकार माणसाला आहे, दुसऱ्याच्या येण्यावर नाही. साठ्याची नोंद कधीच एकट्या मालकाची नसते. ती पुरवठादाराच्या देण्याशी, गिऱ्हाइकाच्या घेण्याशी, सरकारच्या कराशी आणि दुकानात राबणाऱ्या माणसाच्या नावलौकिकाशी बांधलेली असते.

यांतील शेवटच्या धाग्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. नोंद म्हणते चाळीस आणि कप्प्यात निघतात वीस, तेव्हा पहिला संशय फाइलीवर जात नाही. तो कप्प्याची किल्ली असलेल्या नोकरावर जातो. दोनदा इम्पोर्ट झालेली आवक, गळालेली जावक, चुकीच्या महिन्यात गेलेली विक्री यांपैकी कशानेही हा वीसचा फरक निर्माण होऊ शकतो, पण मोबाइलच्या पडद्यावरील आकड्याला स्वतःचा चेहरा नसल्याने तो निष्पक्ष वाटतो आणि समोर उभ्या असलेल्या माणसाला चेहरा असल्याने तो संशयास्पद वाटतो. खोटी नोंद येथे केवळ असत्य राहत नाही, ती अभ्याख्यान, म्हणजे निरपराध माणसावर खोटा आळ, होते. कुराणातील सर्वांत दीर्घ आयत, अल-बकरा या अध्यायातील 282 वी, देण्याघेण्याच्या लेखाविषयीच आहे, आणि तिच्यातील तरतुदी या संदर्भात मननीय आहेत. लेखनिकाने न्यायाने लिहावे, व्यवहार लहान असो वा मोठा तो मुदतीसह लिहिण्याचा कंटाळा करू नये, साक्षीदार ठेवावेत, लेखनिकाला किंवा साक्षीदाराला इजा पोहोचवू नये, आणि मजकूर सांगावा तो ज्याच्यावर देणे बसणार आहे त्याने. जो लेखाने बांधला जाणार, लेख त्याच्या तोंडून उतरावा, ही शेवटची तरतूद न्यायाच्या दृष्टीने विलक्षण आहे. लेख बलवानाने लिहून दुर्बळावर लादण्याची वाट तिने बंद केली.

साठ्याच्या व्यवहारात या तरतुदीचा अर्थ असा होतो की इम्पोर्टच्या आदल्या दिवशी मालाची झडती, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी, व्हावी आणि ती पुढे ज्याच्याकडे जाब मागितला जाणार आहे त्याच्या उपस्थितीत, शक्यतो त्याच्याच तोंडून आकडे वदवून व्हावी. पाचोलीची दोन माणसे आणि आयतीतील साक्षीदार यांच्यामागे एकच तत्त्व होते, की लिहिणारा व तपासणारा एक नसावा. मोबाइलने लिहिणे, खतवणे, बेरीज करणे आणि तपासणे ही सारी कामे एका माणसाच्या एका तळहातावर आणली आहेत, म्हणून दुसरा माणूस आता बाहेरून बोलवावा लागतो. मोजणी आणि नोंद यांत फरक निघाला तर जुन्या ओळीत खाडाखोड करून तो मिटवू नये. त्या दिवसाच्या तारखेने, कारणासह, घट किंवा वाढ अशी वेगळी नोंद करावी, कारण ठाऊक नसेल तर ‘कारण अज्ञात’ असे लिहावे, आणि मूळ स्प्रेडशीट आहे तशी जपून ठेवावी. फरक उघड्यावर राहिला तर पुढील वर्षी त्याचे कारण सापडण्याची शक्यता राहते. तो पुसला गेला तर नोंद नीटनेटकी दिसते आणि कायमची खोटी होते.

यांतील काहीही अवघड किंवा खर्चिक नाही. लहान दुकानातील मोजणीला एखादा दिवस पुरतो, आणि पाडव्याच्या आसपास अनेक दुकानांत ती होतही असते. ज्या दुकानात ती न करता जुनी फाइल ॲपमध्ये ओढली गेली, तेथे पडद्यावरील आकडा आणि कप्प्यातील माल यांत फरक निघाल्यास त्याबद्दल नोकराला जाब विचारण्याचा नैतिक अधिकार मालकाला नाही.